'स्टेन', डाग आणि विटाळ : एका अर्थक्षेत्राची तपासणी

१

इंग्रजीतील 'स्टेन' या शब्दाला मराठीत प्रतिशब्द कोणता, असा प्रश्न विचारला असता 'डाग' हे उत्तर तत्काळ मिळते. संदर्भ नैतिक असेल तर 'कलंक' किंवा 'लांछन' सुचविले जाते. कोशाच्या दृष्टीने हे उत्तर चुकीचे नाही. परंतु समीक्षेचा आणि भाषांतरमीमांसेचा खरा प्रश्न कोशाचे काम संपते तेथे सुरू होतो. कपड्यावरील खूण, लाकडाला दिलेला रंग, सूक्ष्मदर्शकाखालील पेशीचे रंजन, घराण्याच्या नावाला आलेले उणेपण आणि मनुष्यमात्राच्या ठिकाणी गृहीत धरलेली मूळची मलिनता या सर्व गोष्टी इंग्रजी भाषा एकाच शब्दाच्या छत्राखाली आणते. मराठी त्या वेगवेगळ्या ठेवते. हा केवळ शब्दसंख्येचा फरक आहे, की दोष कोठून येतो, तो कोणाचा असतो आणि तो धुतला जातो काय, याविषयीच्या दोन भिन्न समजुतींचा फरक आहे, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

सोस्यूरने आपल्या व्याख्यानांत (१९१६ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध) शब्दाचा अर्थ आणि शब्दाचे मूल्य यांत भेद केला. शब्दाचे मूल्य त्याच्या शेजारच्या शब्दांनी ठरते. शेजारी नाहीसा झाला की उरलेल्या शब्दाची हद्द वाढते. या दृष्टीने पाहिले तर 'स्टेन' आणि 'डाग' यांचा अर्थ काही ठिकाणी एकच असला तरी मूल्य एक नाही. 'डाग' या शब्दाच्या भोवती कलंक, लांछन, काळिमा, बट्टा, ठपका, विटाळ अशी शब्दांची दाट वस्ती आहे आणि त्यांतील प्रत्येकाने 'डाग'ची हद्द आखून दिली आहे. 'स्टेन'लाही इंग्रजीत शेजारी आहेतच. परंतु द्रव्य आणि नीती या दोन्ही प्रांतांत इतक्या सहजतेने वावरणारा शब्द त्यांच्यात क्वचितच सापडेल.

२

'स्टेन' या शब्दाचा इतिहासच त्याच्या द्व्यर्थी स्वभावाचा उलगडा करतो. मध्ययुगीन इंग्रजीत या शब्दात दोन प्रवाह मिसळले. एक प्रवाह जुन्या फ्रेंचमधून आला; त्याच्या मुळाशी रंगविणे या अर्थाचा लॅटिन धातू आणि त्यामागे अभाव दाखविणारा उपसर्ग आहे. म्हणजे त्याचा अर्थ रंग काढून घेणे, विटविणे. दुसरा प्रवाह उत्तरेकडील नॉर्स भाषेतला. त्याचा अर्थ रंग देणे. रंग हिरावून घेणारा आणि रंग चढविणारा असे दोन परस्परविरोधी व्यापार एका शब्दात एकवटले. शेक्सपिअरच्या तेहेतिसाव्या सुनीतात हे क्रियापद ढगाआड जाऊन निस्तेज होणाऱ्या सूर्याच्या संदर्भात येते. तेथे सूर्यावर काही पडलेले नाही. त्याचे तेज उणावले आहे. आजचा इंग्रजी वाचकही तेथे थबकतो, कारण त्याच्या वापरातून विटण्याचा अर्थ बहुतांशी गेला आहे आणि चढण्याचा उरला आहे.

चढण्याचा हा अर्थ मात्र नेहमीच निंदेचा नाही. चर्चच्या खिडक्यांतील रंगीत काचेला आणि सुताराने लाकडाला दिलेल्या रंगालाही इंग्रजीत हाच शब्द लागतो. हान्स ख्रिश्चन ग्रॅमने १८८४ मध्ये जीवाणू ओळखण्याची जी रीत प्रसिद्ध केली तिच्या नावातही हाच शब्द आहे. येथे रंग दोष लावीत नाही, अदृश्य ते दृश्य करतो. या सर्व उपयोगांत एक समान सूत्र आहे : रंग पृष्ठावर थांबत नाही, तो आत मुरतो. ठिपका वर बसतो. 'स्टेन' धाग्यात, लाकडाच्या रेषांत, पेशीत उतरतो. हे मुरणे हाच या शब्दाचा व्यवच्छेदक धर्म होय. त्याच्या नैतिक अर्थाचा धाकही तेथूनच आला आहे.

मराठीतील शास्त्रीय परिभाषेने पेशी रंगविण्याच्या क्रियेसाठी 'अभिरंजन' हा शब्द योजला तेव्हा तिने नकळत एक वेगळे दार उघडले. रञ्ज् या धातूपासून रंग, राग, रक्त, अनुराग आणि रंजन हे सर्व शब्द निघतात. संस्कृत परंपरेत वस्तूत रंग मुरणे हे प्रथमतः आसक्तीचे रूपक आहे, अपराधाचे नव्हे. मन रंगते, अनुरक्त होते. वैराग्याच्या परंपरांनी हेच रूपक उलट्या बाजूने वापरले आणि ज्याचा राग गेला तो 'वीतराग' ठरविला. मराठीने पुढे 'राग' क्रोधाला देऊन टाकला आणि 'रंजन' करमणुकीकडे गेले. तात्पर्य, मुरणाऱ्या रंगाचे रूपक आपल्याकडे होते. पण ते दोषाच्या घरी नांदले नाही, भावाच्या घरी नांदले.

३

मग दोषाचे घर कोणाचे? त्यासाठी मराठी शब्दांकडे त्यांच्या क्रियापदांसह पाहिले पाहिजे. नाम एकटे असते तेव्हा ते कोशातील प्रतिशब्दासारखे भासते. कोणत्या क्रियापदाशी त्याची सोयरीक आहे हे पाहिले की त्याचे खरे शील कळते.

'डाग' पडतो किंवा लागतो. पडणे आणि लागणे या दोन्ही क्रियांत कर्ता गैरहजर असतो. चहा सांडला, डाग पडला. डाग बाहेरून येतो आणि निघतो, निदान निघावा अशी अपेक्षा असते. फारसी 'दाग' म्हणजे तापल्या लोखंडाने उमटविलेली खूण. अलाउद्दीन खिलजीच्या आणि पुढे अकबराच्या सैन्यात घोड्यांना डाग देण्याची पद्धत होती. घोडा बदलून सरकारची फसवणूक होऊ नये हा तिचा हेतू. मराठीतही गुरे डागतात आणि तोफ डागतात. म्हणजे 'डाग' या शब्दाच्या पोटात अग्नी आहे आणि मालकीची खूणही आहे. 'डागदागिने' या जोडशब्दात तर तो थेट संपत्तीच्या बाजूला जाऊन बसतो.

'लांछन' या शब्दाचा प्रवास अधिक बोलका आहे. संस्कृतात लांछन म्हणजे चिन्ह, ओळखीची खूण. जैन परंपरेत हा अर्थ आजही जिवंत आहे : ऋषभनाथांचे लांछन वृषभ, पार्श्वनाथांचे सर्प, महावीरांचे सिंह. वाशीम जिल्ह्यातील शिरपूर येथे अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला जाणारा जैन यात्रेकरू 'लांछन' हा शब्द आदराने उच्चारतो. त्याच गावच्या बाजारात तोच शब्द बेअब्रूचा असतो. चिन्हाचे दूषण कसे झाले? चंद्रावरील खूण हा या स्थित्यंतरातील महत्त्वाचा दुवा दिसतो. ज्ञानेश्वरीच्या अखेरच्या पसायदानात (१२९०) सज्जनांचे वर्णन लांछन नसलेले चंद्र असे येते, तेव्हा मराठीत हा शब्द उणेपणाकडे झुकलेला आहे. 'कलंक' हाही चंद्राचाच. या दोन्ही शब्दांत एक अट दडलेली आहे : ज्यावर खूण दिसते ती वस्तू मुळात तेजस्वी असली पाहिजे. काळोखाला कलंक लागत नाही. म्हणून कलंक घराण्याला लागतो, नावाला लागतो, पदाला लागतो. ज्याला समाजाने नावच दिले नाही त्याला कलंकाचाही अधिकार नसतो.

'काळिमा' फासला जातो. तेथे फासणारा हात दिसतो. 'ठपका' ठेवतात, तेथे ठेवणाऱ्याचा अधिकार दिसतो. 'बट्टा' सराफाच्या पेढीवरून आला. झिजलेले किंवा परमुलखाचे नाणे बदलून घेताना जी रक्कम कापली जाई ती बट्टा. नावाला बट्टा लागतो म्हणजे नाव नाहीसे होत नाही; बाजारात त्याची किंमत कमी धरली जाते. नाणे तेच, पारखणारा दुसरा.

आणि 'विटाळ'? विटाळ होतो, विटाळ मानतात, विटाळ धरतात, विटाळ पाळतात. डाग पाळता येत नाही, कलंक पाळता येत नाही, बट्टा पाळता येत नाही. सबंध अर्थक्षेत्रात 'पाळणे' हे क्रियापद फक्त विटाळाला लागते. जे पाळले जाते ते न पाळण्याचीही शक्यता असते. जे मानले जाते ते न मानताही येते. विटाळ ही वस्तूची अवस्था नसून माणसांमधील करार आहे, ही गोष्ट विटाळ पाळणारी भाषाच आपल्या क्रियापदातून कबूल करून टाकते.

४

हा भेद केवळ ग्रंथांत नाही. बुलढाणा-मलकापूर रस्त्यावरचे मोताळा आणि नळगंगेच्या खोऱ्यातला त्याचा परिसर हा कापसाचा मुलूख. जेथे वर्षाची कमाई शुभ्रतेवर तोलली जाते तेथे डागाची भाषा नेमकी असणारच. वऱ्हाडात कपाशीच्या झाडाला पऱ्हाटी म्हणतात; वेचणीच्या आरंभी शेतात सीतादही करण्याची रीत आहे. किडीने पोखरलेल्या बोंडातला कापूस पूर्ण फुलत नाही; पाकळ्या कडक राहतात, रुई पिवळी पडते, डागाळते. या कापसाला 'कवडी' म्हणतात. स्वच्छ कापूस आणि कवडी वेगवेगळी वेचावी, वेगवेगळी साठवावी, हा वेचणीचा पहिला धडा. इंग्रजीत या मालाचे वर्णन करावयाचे तर विशेषण लावून 'स्टेन पडलेला कापूस' असे म्हणावे लागते. मराठीने त्याला स्वतंत्र नाम दिले. विशेषणात कापूस मुख्य आणि डाग गौण असतो. नामात तो माल वेगळ्याच जातीचा होऊन बसतो. शिवाय 'कवडीमोल' हा शब्द शेजारीच असल्याने ऐकणाऱ्याच्या कानात दोन्ही कवड्या एकत्र वाजतात.

याहून उद्बोधक उदाहरण किडीच्या नावाचे आहे. उघडलेल्या बोंडातील सरकीचा रस शोषणारा, डिसडर्कस या प्रजातीतला तांबडा कीटक इंग्रजीत 'कॉटन स्टेनर' म्हणून ओळखला जातो. त्याच्या विष्ठेने, त्याच्याबरोबर शिरणाऱ्या बुरशीने आणि जिनिंगमध्ये तो चिरडला गेल्याने रुईवर डाग पडतात. मराठी शेतकरी त्याला 'लाल ढेकूण' म्हणतो. इंग्रजी नाव कीटकाला त्याच्या कर्मावरून ओळखते आणि त्या कर्माची मोजणी गाठींच्या बाजारात होते. मराठी नाव त्याला रूपावरून आणि घरातल्या परिचयावरून ओळखते. ढेकूण खाटेतलाही असतो. एका नावामागे गाठी विकत घेणाऱ्याची नजर आहे, दुसऱ्यामागे शेतात उभ्या असलेल्या माणसाची.

गाठी घेणाऱ्याची नजर वऱ्हाडावर केव्हा स्थिरावली हे इतिहासात स्पष्ट आहे. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांना भारतीय कापसाची निकड भासली. १८७० मध्ये जलंबहून खामगावपर्यंत लोहमार्गाची शाखा पोहोचली. याच काळात भारतीय कापूस मळका, भेसळीचा असल्याची तक्रार व्यापारी वर्तुळात सतत होत होती आणि कापसातील लबाडीला आळा घालण्यासाठी मुंबई इलाख्यात १८६३ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. त्या कायद्याचा विषय कापूस होता, पण त्याची परिभाषा लबाडीची होती. रुईवरील मळ आणि माल विकणाऱ्याची नियत यांतील अंतर तेथे नाहीसे झाले. द्रव्यावरून नीतीवर सहज उडी मारण्याची जी सोय 'स्टेन'च्या अर्थात आहे, तीच येथे प्रशासनाच्या कामी आली.

स्वातंत्र्योत्तर काळात १९७२ मध्ये सुरू झालेल्या आणि सुमारे तीन दशके चाललेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेत हीच नजर प्रतवारीच्या रूपाने केंद्रावर येऊन बसली. ग्रेडरने मूठभर कापूस हातात घेऊन पाहिला की गाडीची प्रत ठरे. हाही एक बट्टाच : माल तोच, पारखणारा दुसरा. डाग पावसाने पडला, ढेकणाने पाडला की बोंडअळीने, हे प्रतवारीला विचारण्याचे कारण नसते. तिला डागाचा इतिहास नको असतो, किंमत हवी असते. मेरी डग्लसने 'प्युरिटी अँड डेंजर' (१९६६) या ग्रंथात घाण म्हणजे जागा चुकलेली वस्तू, असे जे प्रतिपादन केले त्याला येथे एक पुरवणी जोडावी लागते. जागा चुकली हे ठरविण्याचा अधिकार ज्याच्या हाती, किंमत ठरविण्याचा अधिकारही त्याच्याच हाती असतो.

५

विटाळाच्या बाबतीत हा अधिकार सर्वांत उघडा आणि सर्वांत क्रूर आहे. बुलढाणा जिल्ह्यातीलच देऊळगाव राजा तालुक्यातले मेहुणा राजा हे संत चोखामेळ्यांचे जन्मगाव मानले जाते. चोखामेळा आणि सोयराबाई यांच्या अभंगांतील विटाळाचा विचार या अर्थक्षेत्राच्या मध्यभागी ठेवून पाहावा लागतो. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा : देहाची उत्पत्तीच विटाळातून आहे, विटाळावाचून देह नाही, मग सोवळा कोण? हा विटाळाचा निव्वळ इन्कार नाही. उलट विटाळाचा इतका संपूर्ण स्वीकार आहे की त्यामुळे विटाळ ही भेद करण्याची खूणच राहत नाही. जी खूण सर्वांवर आहे ती कोणाचीच ओळख पटवीत नाही. ज्या व्यवस्थेने विटाळ पाळण्याची गोष्ट केली, तिला या कवींनी तो असण्याची गोष्ट करून उत्तर दिले.

पॉल रिकरने दुष्टतेच्या प्रतीकांवरील आपल्या ग्रंथात (१९६०) मलिनता, पाप आणि अपराधभाव असा क्रम मांडला. त्याच्या मते मलिनता कधीच केवळ शारीरिक घाण नसते आणि कधीच केवळ अमूर्त दोषही नसते. ती या दोहोंच्या संधिप्रकाशात वावरते. पुढील टप्प्यांवर गेलेली जाणीवही डागाचे प्रतीक पूर्णपणे टाकून देत नाही. हे विवेचन मौलिक आहे. तथापि त्याची दिशा बाहेरून आत जाणारी आहे : स्पर्शाचा डाग क्रमाने अंतःकरणाचा अपराध बनतो. सोयराबाईंची दिशा वेगळी आहे. त्या विटाळाला अपराधभावाकडे नेत नाहीत. त्या त्याला देहधर्माकडे, जन्माच्या सामान्य वस्तुस्थितीकडे परत नेतात. त्यात पश्चात्तापाला जागा नाही, कारण जन्माला येणे हा अपराध नाही. रिकरच्या क्रमात न बसणारी ही शक्यता चौदाव्या शतकातील मराठीने मांडली आहे, याची दखल तुलनात्मक विचाराने घेतली पाहिजे.

६

या विवेचनाचा भाषांतराशी असलेला संबंध एका उदाहरणाने स्पष्ट होईल. फिलिप रॉथ यांच्या 'द ह्यूमन स्टेन' (२०००) या कादंबरीचे शीर्षक मराठीत कसे आणावे? कादंबरीचा नायक कोलमन सिल्क हा अभिजात वाङ्मयाचा प्राध्यापक. जन्माने कृष्णवर्णीय असून त्याने आयुष्यभर गोरा ज्यू म्हणून वावरण्याचा मार्ग पत्करला आहे आणि अखेर एका शब्दावरून वर्णद्वेषाचा आरोप त्याच्यावर येतो. कथेची पार्श्वभूमी १९९८ च्या उन्हाळ्याची. त्या वेळी एका पोशाखावरील प्रत्यक्ष डाग अमेरिकेच्या राजकारणाचा विषय झाला होता. 'मानवी कलंक' असे शीर्षक दिल्यास वाचक लगेच अपराध्याचा शोध घेऊ लागेल, कारण कलंकाला तेजस्वी घराणे लागते आणि ते बुडविणारा कोणीतरी लागतो. 'माणसाचा डाग' म्हटल्यास धुण्याची आशा शिल्लक राहते. कादंबरीत मात्र फॉनिया या पात्राच्या चिंतनातून येणारा 'स्टेन' वेगळाच आहे. तो आज्ञाभंगाच्या आधीचा आहे, कोणत्याही कृत्यावाचून आहे, माणूस जेथे जातो तेथे मागे उरणारा आहे. हा अर्थ मराठीत कलंकाजवळ नाही. तो सोयराबाईंच्या विटाळाजवळ आहे.

मग 'विटाळ' हा शब्द घ्यावा काय? येथे घाई करून चालणार नाही. 'विटाळ' शब्दावर जातीचा आणि स्त्रीदेहाच्या अवहेलनेचा जो इतिहास साचला आहे, तो रॉथच्या शब्दावर नाही. त्यावर वर्णाचा इतिहास आहे. परंतु हा इतिहास अडसर न मानता तुलनेचे साधन मानला तर बाबूराव बागूल यांची 'जेव्हा मी जात चोरली होती' (संग्रह १९६३) ही कथा कोलमन सिल्कच्या शेजारी येऊन उभी राहते. दोन्हीकडे जन्मदत्त ओळख लपविणे आहे आणि उघडकीस येण्याची टांगती तलवार आहे. पण बागुलांच्या शीर्षकातील क्रियापद पाहावे : 'चोरली'. विटाळ ज्याच्यावर लादला आहे त्याने तो उतरवून ठेवला तर व्यवस्थेच्या लेखी ती चोरी ठरते. बागुलांनी व्यवस्थेचेच क्रियापद उचलून तिच्या तोंडावर ठेवले आहे. रॉथचे शीर्षक मनुष्यस्वभावाविषयी बोलते. बागुलांचे शीर्षक समाजाच्या दप्तराविषयी बोलते. पहिल्यात सर्वांवर असलेला डाग हा सांत्वनाचा विषय होऊ शकतो; दुसऱ्यात काहींवरच लावलेला विटाळ हा हिशेब मागण्याचा विषय आहे.

यावर असा आक्षेप येऊ शकतो की संदर्भ अर्थ ठरवितोच, मग शब्दाच्या निवडीला एवढे महत्त्व कशासाठी? आक्षेपात तथ्य आहे. परंतु तो अर्धवट आहे. संदर्भ अर्थाची निवड करतो, पण ज्यांतून निवड करावयाची ते पर्याय भाषेने आधीच मांडून ठेवलेले असतात. 'स्टेन' वापरणारा लेखक द्रव्य आणि नीती यांच्यामधील निर्णय पुढे ढकलू शकतो. कित्येकदा त्याच्या लेखनाचे सामर्थ्य त्या ढकलण्यातच असते. मराठी लेखकाला तो निर्णय पहिल्या शब्दालाच घ्यावा लागतो. ही मराठीची उणीव समजण्याचे कारण नाही. निर्णय घ्यावा लागतो म्हणूनच डाग कोणी पाडला, ठपका कोणी ठेवला, बट्टा कोणी कापला आणि विटाळ कोणी पाळला, हे प्रश्न मराठी वाक्यात चुकविता येत नाहीत.

७

या तपासणीतून समीक्षेसाठी एक पद्धतिविषयक निष्कर्ष निघतो. संकल्पनांची तुलना करताना नामाला नाम जोडून भागत नाही. नामाबरोबरचे क्रियापद तपासले पाहिजे. दलित साहित्याच्या समीक्षेत इंग्रजी परिभाषेच्या प्रभावाने विटाळासाठी 'कलंक' हा शब्द योजिला जातो तेव्हा दोन भिन्न गोष्टींची गल्लत होते. कलंक लागतो असे म्हणताच तो ज्याच्यावर आहे त्याच्याकडे दृष्टी जाते. विटाळ पाळला जातो असे म्हणताच ती पाळणाऱ्याकडे वळते. दुसरी दृष्टी चोखामेळा आणि सोयराबाई यांनी आपल्या भाषेत रुजविली. प्रतिशब्दाच्या सोयीसाठी ती सोडून देणे परवडणारे नाही.

त्याचबरोबर बोलीतील आणि व्यवसायातील शब्दांकडे केवळ प्रादेशिक रंग म्हणून पाहण्याची सवयही तपासून घ्यावी लागेल. मोताळ्याच्या शेतातील 'कवडी' हा शब्द ग्रामीण कादंबरीच्या शेवटी दिलेल्या शब्दार्थसूचीत 'खराब कापूस' एवढ्यावर आटोपतो, तेव्हा डाग आणि किंमत यांच्या संबंधाचा एक सबंध विचार त्या सूचीबाहेर राहतो. शुभ्र कापूस एका ढिगात आणि कवडी दुसऱ्या ढिगात टाकणारे वेचणारणीचे हात हा विचार रोज करीत असतात. कोणता डाग पावसाचा, कोणता किडीचा, हे त्या हातांना ठाऊक असते. खरेदी केंद्रावर ते कोणी विचारीत नाही. डागाची चर्चा करणाऱ्या समीक्षेने तरी तो प्रश्न विचारला पाहिजे.